डाव्या पिळाचे स्फटिक

सोमवार, ७ जानेवारी २०१९

प्रयोगाच्या वहीत भीती लिहायला रकाना नसतो, म्हणून ही वेगळी वही. सदाशिव पेठेत खोलीच्या खालच्याच दुकानातून आणली. दुकानदार म्हणाला, "जानेवारीत डायरी घेणारे फेब्रुवारीपर्यंत लिहितात." मी विचारलं नव्हतं.

आज डेन्मार्कहून मेल आला. तिकडच्या एका प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी चार ओळी लिहिल्या आहेत. आमचा नोव्हेंबरमधला पेपर वाचून त्यांनी आमच्याच कृतीनं स्फटिक वाढवले. स्फटिक उत्तम वाढले, फक्त त्यांचा पीळ उजवा आला. 'तुमच्या कृतीत लिहायचं काही राहून गेलं आहे का?' असं फार नम्रपणे विचारलंय. नम्र माणसांची मला भीती वाटते. भांडणाऱ्याला उत्तर देता येतं.

बाबांना हे सगळं मी एकदा समजावलं होतं. तसंच इथं लिहिते, म्हणजे निदान माझं डोकं थाऱ्यावर येईल. डीएनएचे छोटे धागे असतात आणि त्यांच्यावर चार प्रकारची अक्षरं. अक्षरांचा क्रम आपण ठरवायचा, म्हणजे कोणता धागा कोणाला बिलगणार ते आधीच ठरतं. सगळे धागे खारट पाण्यात एकत्र टाकायचे, तापवायचे आणि दोन दिवस सावकाश निवू द्यायचे. कुणीही हात न लावता ते आपले आपण रचले जातात आणि त्यांचा स्फटिक होतो. आमचा स्फटिक म्हणजे पीळ घातलेला दांडा. मूळ आराखड्यात तो पीळ नेहमी उजवा येतो. मी धाग्यांतली दोन-दोन अक्षरं कमी केली आणि तो डावा केला. बाबा म्हणाले, "म्हणजे पोराला डावखुरं केलंस." हो, तसंच.

पंचवीस फेब्रुवारीला मुलाखत आहे. असिस्टंट प्रोफेसरची एकच जागा आहे आणि माझ्या अर्जाच्या पहिल्या ओळीत हा डावा पीळ आहे. वय सदतीस. हिंजवडीतली सहा वर्षांची आयटीची नोकरी याच्यासाठी सोडली. मेल आतापर्यंत नऊ वेळा वाचून झालाय.

गुरुवार, १० जानेवारी

गुरुवार म्हणजे वीज नाही. हे धरूनच आम्ही स्फटिक वाढवतो. थर्मोकोलच्या डब्यात दोन लिटर उकळतं पाणी ओतायचं, नळ्या तरंगत सोडायच्या, झाकणाला चिकटपट्टी. वीज असो-नसो, पाणी आपल्या गतीनं निवतं. डब्याला अजून मासळीचा वास येतो, कारण तो मुळात मासळीवाल्याचा.

हेच कारण असणार! डेन्मार्कमध्ये निववायला यंत्र असणार आणि यंत्र फार नियमित निववत असणार. त्यांना लिहून टाकलं: थर्मोकोलचा डबा वापरून पाहा. लिहिल्यावर दुपारभर बरं वाटलं.

पृथ्वीराजनं मात्र ते टिकू दिलं नाही. तो माझ्या शेजारच्या टेबलावर काम करतो. माझ्या डाव्या स्फटिकांच्या पोकळीत प्रथिनं बसवायची, हा त्याचा प्रबंध. तो हिंजवडीचा, म्हणजे मूळ हिंजवडीचा. मी ज्या इमारतीत सहा वर्षं बसले, ती त्याच्या आजोबांच्या उसात उभी आहे. "तुमच्या एसीखाली आमची विहीर हाय," असं तो मला पहिल्याच दिवशी म्हणाला होता.

आज म्हणाला, "आम्रपाली, नव्या मायक्रोस्कोपवर आपण उजव्याचा फोटो कधी काढलाच नाही ना?"

मी म्हटलं, "कशाला काढायचा? उजवा उजवाच आहे. जुन्या मायक्रोस्कोपवर काढलेले आहेत, एक्स-रेनंही सिद्ध झालंय. नव्यावरचे तास डाव्यालाच पुरत नाहीत."

"बरं," म्हणाला आणि हेल्मेट घेऊन निघून गेला.

मला त्याचं 'बरं' आवडत नाही. दीड वर्ष गप्प होता आणि नेमकं मुलाखतीच्या तोंडावर याला हे सुचतं.

शुक्रवार, १८ जानेवारी

डेन्मार्कचा दुसरा मेल. थर्मोकोलचा डबाही वापरून पाहिला म्हणे. पीळ उजवाच. आता विनंती अशी की आम्ही उजवा आणि डावा, दोन्ही नमुने एकाच दिवशी एकाच मायक्रोस्कोपवर पाहून चित्रं पाठवावीत.

पूर्णिमा मॅडमना मेल दाखवला. त्या माझ्या गाइड, पुढच्या वर्षी निवृत्त होतील. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मग पाठव की. त्यांना आपलं पाणी मानवत नसेल." त्यांना कसलीच शंका नाही. माझ्यावर कुणी इतका विश्वास टाकला की मला घाम फुटतो.

चित्रं म्हणजे साधे फोटो नव्हेत. मायक्रोस्कोप स्फटिकाचे आडवे काप टिपतो, साठ-सत्तर. ते काप एकावर एक रचून स्फटिक उभा करायचा, मगच पीळ कळतो. रचण्याचं काम माझा प्रोग्राम करतो. आयटीतून मी सोबत आणलेली तेवढी एकच विद्या. लॅबमध्ये सगळे तोच वापरतात. जून सतरामध्ये नवा मायक्रोस्कोप आला तेव्हा इतर लॅबचे लोक महिना-महिना मॅन्युअल वाचत बसले होते. आमचं काम दुसऱ्या दिवशी सुरू झालं. जुलैमध्ये पहिला डावा पीळ दिसला. मॅडमनी पेढे वाटले होते.

मग भीती कशाची? पहिल्या वर्षी जिन्यात एकजण दुसऱ्याला म्हणाला होता, "त्यांना फेलोशिप काय, अशीच मिळते." मी वरच्या पायरीवर होते. त्या वाक्याला उत्तर म्हणून सहा वर्षं मी एकही चूक केली नाही. आता चूक निघाली तर ती माझी एकटीची राहणार नाही. बाबांची, आमच्या बुद्धविहारातल्या सगळ्यांची होईल. पृथ्वीराजची चूक झाली तर ती फक्त पृथ्वीराजची असेल.

बुधवार, ३० जानेवारी

उजव्याचा नमुना नव्या मायक्रोस्कोपवर ठेवला. डावा दिसला.

नळ्यांची अदलाबदल झाली असणार. नळी कचऱ्यात टाकली. प्रयोगाच्या वहीत नोंद केली नाही. ते इथं लिहून ठेवते, कारण कुठंतरी लिहायलाच हवं. प्रयोग करून नोंद न करण्याची ही आयुष्यातली पहिली वेळ.

शनिवार, २ फेब्रुवारी

नव्या नळ्या, नवे धागे, चिठ्ठ्या स्वतः चिकटवल्या, दोनदा वाचल्या. उजवा पुन्हा डावा दिसला.

पडद्याकडे बघत बसले होते. मागून पृथ्वीराज आला, मी पडदा बंद केला. इतक्या घाईनं की त्यालाही कळलं. तो म्हणाला, "चहा घेतीस का?" मी नको म्हटलं. तरी खाली जाऊन दोन कप घेऊन आला, एक माझ्या टेबलावर ठेवला आणि जागेवर बसला. माझ्यावर नजर ठेवून आहे. चहा तसाच गार झाला.

दोन दिवस जेवण जात नाही. आईचा फोन आला की आवाज हसरा करून बोलते.

सोमवार, ४ फेब्रुवारी

आज कळलं. क्रमानं लिहिते.

सकाळी दात घासताना टूथपेस्टचं टोपण फिरवत होते. उजवीकडे फिरवलं की बंद होतं. सगळी टोपणं, सगळे स्क्रू असेच. म्हणजे पीळ नक्की माहीत असलेली वस्तू हातातच होती आणि मी आपली नळ्या धुंडाळत बसले होते.

लॅबमध्ये जाऊन चष्म्याच्या काडीचा स्क्रू ब्लेडच्या टोकानं काढला आणि मायक्रोस्कोपखाली ठेवला. काप घेतले, माझ्या प्रोग्रामनं रचले आणि पडद्यावर फिरवून पाहिलं. आटे डावे.

जगात डाव्या आट्याचा चष्म्याचा स्क्रू कुणी बनवत नाही.

मग मॅन्युअल उघडलं, जे मी जून सतरामध्ये वाचलं नव्हतं. जुना मायक्रोस्कोप वरून बघायचा आणि पहिला काप सगळ्यात वरचा घ्यायचा. नवाही वरूनच बघतो, पण पहिला काप सगळ्यात खालचा घेतो. माझा प्रोग्राम पहिला काप वरचाच धरतो. म्हणजे दीड वर्ष आम्ही प्रत्येक स्फटिक उलटा रचला. उलटा रचला की पीळ आरशात दिसावा तसा फिरतो. उजव्याचे फोटो जुन्या मायक्रोस्कोपचे, डाव्याचे नव्याचे. दोन्हीकडे स्फटिक एकाच जातीचे.

मी डावा पीळ कधी केलाच नव्हता. दोन अक्षरं कमी केली, त्यानं काहीही झालं नाही.

काडी दोऱ्यानं बांधून, एका हातानं चष्मा धरत स्कूटर चालवत घरी आले. लक्ष्मी रस्त्यावर एका बसवाल्यानं शिवी दिली, ती मला पटली.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

मॅडमना सांगितलं. त्यांनी स्क्रूचं चित्र पाहिलं. मग उठून दार लावून घेतलं. सहा वर्षांत त्यांनी दार लावलेलं मी पाहिलं नव्हतं.

"अजून कुणाला माहीत आहे?"

"कुणाला नाही."

"मुलाखत पंचवीसला. वीस दिवस राहिलेत. मी तुला खोटं बोल म्हणत नाही, आम्रपाली. आज बोलू नकोस, एवढंच म्हणते. दुरुस्ती मार्चमध्येही पाठवता येईल. विज्ञान काही तोवर पळून जात नाही."

त्यांचा आवाज खाली आला होता. मला वाटायचं मोठी माणसं घाबरत नाहीत. त्यांनी पेपरवेट उगाचच तीनदा उचलून ठेवला.

आणि मला त्यांचं पटलं. हेही लिहायला हवं. सुटल्यासारखं वाटलं.

रविवार, १० फेब्रुवारी

हडपसरला घरी गेले. बाबा कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून विहाराच्या वाचनालयाचं काम बघतात. तिथं सगळ्यांना सांगून बसलेत, 'आमची आम्रपाली प्रोफेसर होणार.'

लहानपणी मी शाळेतून दुसऱ्याची पेन्सिल घेऊन आले होते, तेव्हा भर उन्हात मला परत पाठवणारा हा माणूस. म्हणून त्यांना सांगितलं. वाटलं, ते म्हणतील, आत्ताच्या आत्ता कळव, आणि मग मला विचार करावा लागणार नाही.

बाबा म्हणाले, "आधी ऑर्डर हातात येऊ दे."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ते माझ्याकडे बघत नव्हते. "त्यांच्यातल्या माणसानं चूक केली तर चूक म्हणतात. आपण केली तर म्हणतात, आम्हाला वाटलंच होतं. तुला अजून माहीत नाही, बाई. चाळीस वर्षं मी त्यांच्यात काढली आहेत."

"पण बाबा, तिकडे कुणीतरी माझी कृती करत बसलंय."

"असू दे. आपल्याला परवडत नाही."

आईनं ताट वाढलं, बाबा जेवले नाहीत. मला इतकी भीती मुलाखतीचीही वाटली नव्हती. बाबांना घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही माझ्यामुळे.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

पृथ्वीराजला सांगणं भाग होतं. त्याचा प्रबंध महिनाभरात जमा व्हायचाय आणि त्याच्या प्रत्येक प्रकरणात 'डावा' हा शब्द आहे. मी तयारी करून गेले होते की तो ओरडेल, आणि ओरडला की मीही ओरडेन.

तो म्हणाला, "माहीत हाय."

"कधीपासून?"

"ऑगस्टपासून. माझं प्रथिन पोकळीत उलटं बसत होतं. तीनदा करून बघितलं. शेवटी माझे काप हातानं उलटे लावले, तर नीट बसलं."

"ऑगस्ट? पेपर नोव्हेंबरात छापला! पेपरवर तुझं नाव आहे!"

"तेच ना." तो हाताची नखं बघत होता. "तुला कसं सांगायचं कळंना. मी सांगितलं असतं तर तू म्हणली असतीस, हा पाटलाचा पोरगा, याला माझंच तेवढं दिसतं. लॅबमधली बाकीची म्हणली असती, बघा, पृथ्वीराजनं तिला पकडली. मला दोन्ही नको होतं. म्हटलं, तुझं तुला घावंल. म्हणून त्या दिवशी उजव्याचा फोटो विचारला."

"मी काय म्हणाले?"

"तू म्हणालीस, उजवा उजवाच आहे."

मी खुर्चीत बसले. तो खरं बोलत होता: 'याला माझंच तेवढं दिसतं' असं मी म्हटलंच असतं. या वहीत जवळपास तसंच लिहिलंय. तरी रागही आला. त्यानं माझी भीती जपली आणि त्या नादात पेपर छापू दिला. मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "हो. ते चुकलंच माझं." आणि त्यानं डोळे पुसले, सरळ, शर्टाच्या बाहीनं.

विचारलं, "प्रबंधाचं काय करशील?"

"परत लिहीन. वर्ष जाईल. आई बोलंल, शेत विकून शिकवला आणि पोरगा अजून शाळंतच हाय."

बुधवार, १३ फेब्रुवारी

सकाळी अकराला मेल पाठवला. डेन्मार्कला, आणि प्रत मासिकाच्या संपादकांना, मॅडमना, पृथ्वीराजला. स्क्रूचं चित्र जोडलं. 'चूक माझ्या प्रोग्राममध्ये आहे, आम्ही पेपर मागे घेऊ इच्छितो.' बाबांना विचारलं नाही, रात्री फोन करून कळवेन. मॅडमनाही आधी सांगितलं नाही. पाठवायचं बटण दाबलं आणि मेल खरंच गेलाय का ते दोनदा उघडून पाहिलं.

दीड वाजता मॅडम टेबलाशी आल्या. वाटलं, संपलं. त्यांनी पेन काढलं. "मागे घेण्याच्या पत्रावर सगळ्यांच्या सह्या लागतात. कुठे करायची?" सही केली. जाताना म्हणाल्या, "मुलाखतीला जा मात्र. सुट्टी टाकून घरी बसू नकोस." त्यांचा चेहरा एका आठवड्यात उतरलाय.

सोमवार, २५ फेब्रुवारी

मुलाखत झाली. पाचजण होते. पहिल्या स्लाइडवरच लिहिलं होतं: अर्जातली पहिली ओळ चूक आहे. दुसऱ्या स्लाइडवर स्क्रू.

एक गृहस्थ म्हणाले, "मग आज तुम्ही दाखवायला काय आणलंय?"

"चूक कशी सापडली ते, सर. आणि हा मायक्रोस्कोप वापरणाऱ्या कुणालाही अर्ध्या तासात ती कशी तपासता येईल ते."

दुसरे म्हणाले, "घाई केली की असं होतं." ते जिन्यातलं वाक्य म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. कुणी म्हटलं नाही. मनात म्हणाले की नाही, ते मला कसं कळणार? टोकाला बसलेल्या बाईंनी स्क्रूचं चित्र परत लावायला सांगितलं आणि वहीत काहीतरी उतरवून घेतलं. माझा आवाज शेवटपर्यंत कापत होता. चाळीस मिनिटं कापऱ्या आवाजात बोलता येतं, हे नव्यानं कळलं.

शनिवार, २ मार्च

यादी लागली. निवड दुसऱ्याची. प्रतीक्षायादीत मी दुसरी, म्हणजे नाहीच.

बाबांना फोन केला. ते "बरं" म्हणाले आणि फोन आईकडे दिला. आई म्हणाली, काल संध्याकाळी विहारात ते स्वतःच माझ्या चुकीबद्दल बोलले, यादी लागायच्या आधीच. काय बोलले ते तिला नीट ऐकू आलं नाही, पण घरी आल्यावर दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. मला रडू आलं. आईला वाटलं, नोकरीसाठी रडतेय. तसंच वाटू दिलं.

मंगळवार, ५ मार्च

डेन्मार्कहून मेल. या वेळी प्रमुखांचा नाही. सिग्ने नावाच्या एका मुलीचा आहे, ती त्यांच्याकडे पीएचडीच्या पहिल्या वर्षाला आहे.

प्रमुखांच्या त्या चार नम्र ओळींमागे ही होती, हे मला माहीत नव्हतं. आमची कृती तिला पहिलंच काम म्हणून दिली होती. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत तिनं ती एकतीस वेळा केली. एकतीस वेळा पीळ उजवा आला. छापून आलेलं खरं असणार, म्हणजे आपल्याच हाताला काहीतरी झालंय, असं ती धरून चालली. धागे मोजताना हात कापायला लागले. घरी सांगितलं की हे काम आपल्याला जमणार नाही. अकरा फेब्रुवारीला तिनं प्रमुखांना राजीनाम्याचं पत्र दिलं. त्यांनी ते दोन दिवस खणात ठेवलं. तेराला माझा मेल आला. त्यांनी तो सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला आणि खणातलं पत्र तिला परत दिलं.

अकराला पत्र दिलं. मला चूक चारलाच कळली होती; दहाला मी हडपसरला होते आणि बाबांचं ऐकायचं जवळजवळ ठरवून परतले होते. मार्चमध्ये कळवलं असतं तर ती कुठं असती?

मेल पृथ्वीराजला वाचायला दिला. वाचून तो खुर्ची माझ्या टेबलाशी ओढून बसला.

उत्तर लिहायला घेतलंय. 'तुझे हात चांगले आहेत. एकतीसच्या एकतीस वेळा तू बरोबर होतीस.' एवढं लिहून झालं. पुढचं वाक्य तासभर सुचत नाहीये.